सुभद्रेला झोप का लागली?
चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या महिन्याविषयी

गेल्या चातुर्मासात आमच्या कामतघरच्या बाजूला एका देवळात कीर्तन होते. बुवांनी उत्तररंगाला अभिमन्यूचे आख्यान घेतले. अर्जुन चक्रव्यूह सांगतो आहे, सुभद्रा हुंकार देते आहे, पोटातले बाळ ऐकते आहे. आणि बाहेर पडायची वाट सांगायची वेळ येते नेमकी तेव्हाच सुभद्रेला झोप लागते. "आईचा डोळा लागला आणि लेकराला परतीची वाट सापडली नाही," असे म्हणून बुवांनी पोटुशा बायकांना सावध राहायला सांगितले. माझ्या शेजारी माझी मुलगी बसली होती. तिला पाचवा महिना होता. भिवंडीबाहेर हमरस्त्याच्या कडेला जी गोदामे उभी राहिली आहेत, त्यांपैकी एकात ती पार्सले स्कॅन करते. पाळीभर उभी असते. बुवांचा उपदेश तिने ऐकलाच नाही. तिचाही डोळा लागला होता.

घरी येताना मनात एकच प्रश्न घोळत राहिला. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले आहे. सुभद्रेला झोप लागली, हे सगळेच सांगतात. ती का लागली, हे कोणी विचारलेले मला आठवत नाही. प्रस्तुत लेख या प्रश्नाच्या मागे जाण्याचा प्रयत्न आहे.

सुरुवातीलाच सांगितलेले बरे, की मी विद्यापीठात शिकलेली नाही. दहावीनंतर यंत्रमागाच्या शेडमध्ये कांडी भरायला लागले. वाचायला लागले ते पुढे, वाचनालयातून एकेक पुस्तक आणून. चरक आणि सुश्रुत मी मराठी भाषांतरे समोर ठेवून, मूळ ओळींवर बोट ठेवत आणि कोश उघडा ठेवून वाचले. त्यामुळे या लेखात विद्वत्तेचा दावा नाही. दावा एवढाच आहे, की मराठीत गर्भारपणाविषयी बोलणे पुष्कळ असले, तरी त्याच्या मधल्या तीन महिन्यांत आपले लक्ष पोटाच्या आत असते. जिचे पोट आहे ती नजरेतून सुटते. आणि असे सुटणे हे केवळ वाङ्मयाचे प्रकरण नाही.

१. लपवणे आणि मिरवणे

आपल्या चालीरीतींत गर्भारपणाची दोन ठाणी आहेत. पहिले चोरओटीचे. सुरुवातीच्या महिन्यांत, फारसा बोभाटा न करता, घरातल्याच बायकांनी भरायची ती ओटी. नावातच चोरी आहे. दृष्ट लागू नये, काही बरेवाईट झाले तर चर्चा होऊ नये, हा हेतू. दुसरे ठाणे डोहाळजेवणाचे. ते बहुधा सातव्यात. हिरवी साडी, हिरवा चुडा, फुलांचे दागिने, झोपाळा किंवा चंद्रकोर, आणि दोन झाकलेल्या वाट्यांपैकी एक उघडायला सांगून पेढा की बर्फी हे पाहणे.

भिवंडीत हे एकाच समाजापुरते नाही. पद्मानगरच्या तेलुगू विणकरांच्या घरी सीमंतम होते, मोमीनपुऱ्यांतून सातव्या महिन्यात गोद भरतात. नावे निराळी, पण रीत तीच: पोट नीट दिसू लागले की सोहळा.

सोहळा नेहमी एवढ्या उशिरा असावा असे जुन्या ग्रंथांचे म्हणणे नव्हते. सीमंतोन्नयनासाठी आश्वलायन गृह्यसूत्र चौथा महिना सांगते; पारस्कर सहावा किंवा आठवा. आजच्या चालीत मात्र तो सातव्या-आठव्याकडे गेलेला दिसतो. मग चोरओटी आणि डोहाळजेवण यांच्या मध्ये उरते काय? ज्याला डॉक्टर दुसरी तिमाही म्हणतात, ते चौदाव्यापासून सत्ताविसाव्यापर्यंतचे आठवडे. उलट्या थांबलेल्या असतात, पोट अजून अडचणीचे झालेले नसते. पुस्तके या काळाला सुखाचा काळ म्हणतात, आणि पुष्कळ बायकांच्या बाबतीत ते खरेही आहे. पण घरात त्याचे भाषांतर वेगळे होते. "आता काय, आता बरी आहे ती." हे वाक्य उच्चारले गेले, की तिसऱ्या महिन्यापर्यंत दुसऱ्या कोणी उचललेली पाण्याची कळशी पुन्हा तिच्या हातात येते.

२. चरकाचा जमाखर्च

या तीन महिन्यांविषयी आपल्याकडे सर्वांत जुने सविस्तर लेखन चरक आणि सुश्रुत यांच्या शारीरस्थानांत आहे. दोघांनी महिन्यागणिक वर्णन केले आहे. दोघांना शेजारी ठेवून वाचले, की एक फरक डोळ्यांत भरतो.

सुश्रुत गर्भाकडे पाहतो. चौथ्या महिन्यात अवयव अधिक स्पष्ट होतात, हृदय प्रकट होते आणि त्याबरोबर चेतना येते. पाचव्यात मन अधिक जागे होते. सहाव्यात बुद्धी. हृदय, मन, बुद्धी अशी ही तीन महिन्यांची चढती पायरी आहे आणि ती फार देखणी आहे. गर्भसंस्काराच्या आजच्या पुस्तकांना आणि ध्वनिफितींना आधार म्हणून तीच लागते: मन जागे झाले, आता श्लोक ऐकवा, बुद्धी आली, आता गणित सांगा.

चरकही गर्भ पाहतो, पण त्याच वाक्यात तो मान वर करून बाईकडे पाहतो. शारीरस्थानाच्या चौथ्या अध्यायातले त्याचे म्हणणे मी माझ्या शब्दांत देते. चौथ्या महिन्यात गर्भ स्थिर होतो, म्हणून गर्भिणीला अंग विशेष जड वाटते. पाचव्यात गर्भाचे मांस आणि रक्त इतर महिन्यांपेक्षा जास्त वाढते, म्हणून गर्भिणी रोडावते. सहाव्यात गर्भाचे बळ आणि वर्ण वाढतात, म्हणून गर्भिणीचे बळ आणि वर्ण उतरतात. सातव्यात गर्भ सर्व अंगांनी भरतो, आणि ती सर्व अंगांनी थकते.

प्रत्येक महिन्याला दोन रकाने आहेत. एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला खर्च. आत जे वाढते ते कुठून तरी येते आणि ते हिच्या अंगातून येते, हे चरकाने स्वच्छ लिहून ठेवले आहे. त्याच ग्रंथाच्या आठव्या अध्यायात या खर्चाची भरपाईही आहे. चौथ्या महिन्यात दुधातून एक अक्ष मापाचे लोणी, पाचव्यात दुधावरून काढलेले तूप, सहाव्यात मधुर औषधांनी सिद्ध केलेले तेच तूप.

आपल्या पूर्वजांना सगळे विज्ञान ठाऊक होते, असे मला म्हणायचे नाही. त्याच पानांवर आज टिकणार नाहीत अशी कितीतरी विधाने आहेत. पण बाईकडे पाहून जे दिसले ते त्याने लिहिले, आणि ते आजच्या तपासणीशी विसंगत नाही. गरोदरपणात अंगातले रक्त जवळजवळ निम्म्याने वाढते. त्यात पाण्याचा भाग आधी आणि जास्त वाढतो, तांबड्या पेशी मागे राहतात. म्हणून दुसऱ्या तिमाहीत हिमोग्लोबिनचा आकडा सर्वांत खाली जातो. जागतिक आरोग्य संघटनेनेही पंडुरोगाची मर्यादा इतर दोन तिमाहींत ११ आणि या तिमाहीत १०.५ धरली आहे. धडधाकट बाईचा आकडाही उतरतो तो याच काळात. मग जिचा मुळातच कमी आहे तिचे काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ च्या पाहणीत, देशातल्या गरोदर स्त्रियांपैकी ५२.२ टक्के पंडुरोगी आढळल्या. सहाव्या महिन्यातल्या उतरलेल्या वर्णाचे चरकाचे वाक्य त्यांतल्या निम्म्याहून अधिक बायकांना आरशात वाचता येईल.

मात्र चरकाला सरसकट आपल्या बाजूचा साक्षीदार करणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्याच्याच आठव्या अध्यायात गर्भिणीच्या वागण्याने मुलात कोणते दोष येतात याची यादी आहे. भांडखोर गर्भिणीचे मूल असे, रडव्या गर्भिणीचे तसे. आणि त्या यादीत सदा झोपणारी गर्भिणीही आहे. तिचे मूल झोपाळू आणि मंद निपजेल असे तो म्हणतो. म्हणजे चौथ्या अध्यायात ती का थकते याचे कारण देणारा ग्रंथ आठव्या अध्यायात तिच्या झोपेचा दोष तिच्याच माथी मारतो. चरकसंहिता एका हातची नाही, तिच्यावर नंतर संस्कार झाले आहेत, हे अभ्यासकांनी सांगितलेलेच आहे. हे दोन अध्याय दोन हातांचे आहेत असे मी म्हणणार नाही. तेवढा माझा अधिकार नाही. पण मराठी समाजाने त्यांतला कोणता उचलला, हे दिसते. आठवा कीर्तनात गेला. चौथा वैद्यांच्या कपाटात राहिला.

३. डोहाळे कोणाचे?

मधल्या महिन्यांचा आपल्या भाषेतला खरा शब्द 'डोहाळे'. त्याचा धागा प्राकृत 'दोहल' आणि संस्कृत 'दोहद' यांच्याशी जातो. 'दोहद' कुठून आला यावर दोन मते आहेत. एक सुश्रुताचे: चौथ्या महिन्यात गर्भाला हृदय येते, म्हणून बाई दोन हृदयांची, दौहृदिनी, होते आणि तिच्या इच्छा या दुसऱ्या हृदयाच्या इच्छा असतात. दुसरे काही भाषाभ्यासकांचे: मूळ शब्द 'दौर्हृद', म्हणजे हृदयाची दुःस्थिती, मळमळ, जिवाची घालमेल. एका व्युत्पत्तीत आत दुसरे कोणी आहे. दुसरीत तिलाच बरे वाटत नाही. परंपरेने पहिली स्वीकारली, आणि त्यात आश्चर्य नाही. ती जास्त काव्यमय आहे. पण तिचा परिणाम असा, की बाईने चिंच मागितली तरी ती चिंच तिची राहिली नाही.

सुश्रुत तर पुढे जाऊन सांगतो, की डोहाळे न पुरवल्यास मूल कुबडे, लंगडे, जड किंवा डोळ्यांत व्यंग असलेले निपजते. आणि कोणता डोहाळा म्हणजे कसे मूल, याचेही कोष्टक देतो. राजाला पाहावेसे वाटले तर मूल भाग्यवान. आश्रम पाहावासा वाटला तर धर्मशील. इच्छा पुरवा, हा सल्ला बाईच्या हिताचाच आहे. पण पुरवण्याचे कारण ती नाही. हे वाचताना मला सारखे वाटत राहिले, की मुलाच्या व्यंगाची भीती घातल्याशिवाय तिला आवळा मिळणार नव्हता काय?

आश्रम पाहण्याचा डोहाळा म्हटले की सीता आठवतेच. वाल्मीकि रामायणाच्या उत्तरकांडात राम तिला विचारतो आणि ती गंगाकाठची तपोवने पाहण्याची इच्छा सांगते. कालिदासाने 'रघुवंशा'च्या चौदाव्या सर्गात आणि भवभूतीने 'उत्तररामचरिता'त हा धागा घेतला. आपल्याकडे 'गीतरामायणा'तही, म्हणजे १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून गाजलेल्या गदिमा-बाबूजींच्या त्या मालिकेत, सीता डोहाळे मागते असे गीत आहे. पुढे काय होते ते सर्वांना माहीत आहे. डोहाळा पुरवला जातो. रथ येतो, लक्ष्मण येतो, आणि सीता वनात सोडली जाते. संस्कृत आणि मराठी वाङ्मयात इतका तंतोतंत पुरवलेला डोहाळा दुसरा नसेल. तिने जे मागितले ते दिले आणि तिला टाकले. मागणारी कोण आणि पुरवणारा कशासाठी पुरवतो, हा प्रश्न डोहाळ्याच्या वाङ्मयात प्रथम इथे उभा राहतो. पण आपल्या डोहाळजेवणाच्या गाण्यांनी तो घेतला नाही.

ही गाणी मी कामतघर, नारपोली, अंजूरफाटा इथल्या घरांतून कितीतरी ऐकली आहेत. त्यांची रचना ठरलेली. पहिल्या मासापासून नवव्यापर्यंत एकेक कडवे. गर्भिणी कौसल्या असते, देवकी असते, जिजाऊ असते. म्हणजे पोटात कोण आहे हे गाणाऱ्यांना आधीच माहीत असते. चौथे, पाचवे, सहावे कडवे बहुधा बागेत, झोपाळ्यावर, चांदण्यात जाते. या गाण्यांत गोडवा आहे, आणि ज्या बाईला वर्षभर कोणी काही विचारलेले नसते, तिला त्या दिवशी पाटावर बसवून काय हवे ते विचारतात, हे मी कमी लेखत नाही. पण कडव्यांच्या त्या शिडीवर थकवा कुठेच नाही. जड झालेले अंग नाही, भोवळ नाही, पायांत येणारा गोळा नाही.

जात्यावरच्या ओव्यांत तो सापडेल असे वाटले होते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८० च्या दशकापासून खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या, आणि आता त्या 'पारी'च्या संग्रहात आहेत. त्यांतल्या मी वाचलेल्या ओव्यांत गर्भारपण आहे, पण ते बहुधा लेकीचे, सुनेचे किंवा भावजयीचे आहे. आई लेकीचे डोहाळे गाते, नणंद भावजयीचे. 'माझे' असे गर्भारपण क्वचित. याचे एक कारण साधे असावे. जात्याच्या खुंट्याला हात लावून पहाटे दळणारी बाई कित्येकदा स्वतःच पाचव्या-सहाव्यात असे. ज्या कामाने दम लागतो त्याच कामाच्या तालावर ती गात होती. दम लागला हे दळताना सांगणे म्हणजे दळण थांबवणे.

४. झोपेचे पाठांतर

आता सुभद्रेकडे येऊ. महाभारताच्या द्रोणपर्वात, चक्रव्यूह फोडायला युधिष्ठिर अभिमन्यूला सांगतो तेव्हा अभिमन्यूचे उत्तर अगदी थोडक्यात आहे: वडिलांनी मला आत शिरण्याची युक्ती शिकवली आहे, संकट आले तर बाहेर पडणे मला जमणार नाही. बस. तिथे पोट नाही, रात्र नाही, हुंकार नाही, झोप नाही. शिकवणे अपुरे राहिले ते बापाकडून राहिले, एवढाच त्या उत्तराचा सरळ अर्थ होतो.

पोटात ऐकल्याची आणि आईच्या झोपेची कथा नंतरच्या सांगण्यांतून आली. ती कोणत्या प्रदेशात प्रथम आली, हा प्रश्न मी विद्वानांवर सोडते. मला तिचे काम पाहायचे आहे. अपुऱ्या शिक्षणाचा दोष तिने बापावरून उचलून आईवर ठेवला. शिवाय तो दोष अशा गोष्टीचा, की जी आईच्या हातात नव्हती. अर्जुन रात्री बोलत होता. ऐकणारी दिवसभर जे करायचे ते करून आली होती. राजवाड्यातल्या सुभद्रेला दळण-कांडण नव्हते हे मान्य. पण चरकाचे ते दोन रकाने तिलाही लागू होतेच.

या कथेने आज नवे रूप घेतले आहे. माझ्या मुलीच्या फोनवर तिच्या मैत्रिणीने ध्वनिफिती पाठवल्या. रोज किती वेळ ऐकायच्या याचे वेळापत्रकही आहे. सहाव्या महिन्याच्या शेवटाकडे गर्भ आवाजाला प्रतिसाद देऊ लागतो, हे खरे. आईने गाणे म्हणावे, ऐकावे, त्यात वाईट काही नाही. पण पाळी संपवून, रिक्षाने घरी येऊन, भाकरी थापून झाल्यावर ती कानाला फोन लावून बसते आणि पेंगते. मग दचकून उठते आणि पुन्हा पहिल्यापासून लावते. मी विचारले तर म्हणाली, "आई, झोप लागली की वाटतं बाळाचं काही राहून गेलं." सुभद्रेची गोष्ट तिने पुस्तकात वाचलेली नाही. तरीही ती तिला पाठ आहे.

५. शेजारच्या गावची एक मुलगी

भिवंडीपासून कल्याण जवळ. तिथे ३१ मार्च १८६५ रोजी आनंदीबाई जोशी जन्मल्या. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि दहा दिवसांत गेले. चरित्रकार सांगतात, की डॉक्टर होण्याच्या इच्छेचे मूळ तिथे आहे. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. काशीबाई कानिटकरांचे चरित्र, श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी, नाटक, चित्रपट असे त्यांच्याविषयी मराठीत पुष्कळ आहे. त्या सगळ्यात जहाजाचा प्रवास आहे, गोपाळरावांचा हट्ट आहे, थंडी आणि क्षय आहे. त्यांनी पदवीसाठी प्रबंध कशावर लिहिला, हे मात्र मी ज्या ज्या सुशिक्षित माणसाला विचारले त्याला सांगता आले नाही. तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर होता. जुन्या ग्रंथांतली गर्भिणी आणि अमेरिकेत शिकलेले वैद्यक, दोन्ही जिच्यासमोर होते आणि जिने स्वतः ते महिने चौदाव्या वर्षी काढले होते, अशी ती पहिली मराठी बाई. तिच्या धैर्याचे आपण स्मारक केले, तिच्या विषयाचे केले नाही.

नंतरच्या मराठी वाङ्मयात गर्भारपण कमी नाही, पण ते प्रायः पेचाच्या रूपात येते. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' मधली लीला बेणारे हे त्याचे सर्वांत तीक्ष्ण उदाहरण. हे नाटक १९६७ चे. गर्भपाताचा कायदा १९७१ चा. खोट्या न्यायालयात सगळ्यांना तिच्या पोटातल्या गर्भाविषयी मत आहे, काशीकर तर त्याचा नाश करण्याचा निकालही देतात. तिला जे म्हणायचे आहे ते ती शेवटच्या लांब स्वगतात म्हणते, तेव्हा रंगमंचावरची बाकी माणसे थिजलेली असतात. तिचे म्हणणे ऐकले गेले की नाही, हे नाटक सांगत नाही. ही तेंडुलकरांची फार नेमकी जागा आहे. गर्भिणी बोलते तेव्हा कोर्ट ऐकत नसते.

आज पाचव्या महिन्यात एक नवा सोहळा आला आहे, सोनोग्राफीचा. अठराव्या ते विसाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाचा एकेक अवयव तपासतात. खोलीबाहेर १९९४ च्या कायद्याप्रमाणे लिंगनिदान होत नसल्याची पाटी असते, आणि दोन महिन्यांनी त्याच बाईपुढे पेढा-बर्फीच्या वाट्या येतात. तपासणी गरजेची आहे, तिने किती जीव वाचतात. पण पडदाही आत पाहण्यासाठीच आहे. पडद्याकडे तोंड करून बसलेल्या सगळ्यांची पाठ बाईकडे असते.

६. कांडीखाते

आता मला माझे थोडे सांगावे लागेल, कारण हा प्रश्न मला पुस्तकांनी दिला नाही.

१९९३ साली मी कांडी भरत होते. माग पुरुष चालवत. बायका बाण्याचे सूत कांडीवर भरत. रिकामी कांडी चात्यावर लावायची, धागा धरून द्यायचा, भरली की काढायची, दुसरी लावायची. यंत्राला जितके चाते तितकी ये-जा. मजुरी भरलेल्या कांड्यांवर. उभे राहण्याला कांड्या नसतात, म्हणून त्याचे पैसे नसत. शेजारच्या शेडमधले माग अखंड चालू, आणि जमीन सतत थरथरणारी.

मला पाचवा महिना होता. बाकीच्या बायका विचारत, बाळ फिरतंय का? मला कळेना. पायांतून वर येणारा थरार यंत्राचा की पोटातला, ते वेगळे काढता येईना. एका दुपारी वीज गेली. एकेक करून सगळे माग थांबले. भिवंडीत दिवसा इतकी शांतता मी तोवर ऐकली नव्हती. सुताच्या पोत्याला टेकून बसले, आणि त्या शांततेत पोटात पाखरू फडफडल्यासारखे झाले. मग पुन्हा. बाळ कदाचित आठवडाभर फिरत असेल. मला ते वीज गेल्यावर समजले. त्यानंतर मी तिथेच झोपले. वीज आली, यंत्र सुरू झाले, धागे तुटले आणि कांड्या रिकाम्या फिरत राहिल्या तरी मला जाग आली नाही. मेहताने त्या दिवसाची मजुरी कापली.

मुलगी दोन किलोंची झाली. बारशाला आलेल्या एका नात्यातल्या बाईने सासूबाईंना म्हटले, आई पोटात असताना झोपाळलेली होती, लेकरू कुठून भरेल? मी ते खरे मानले. वीस वर्षे मानले. चरकाचा चौथा अध्याय वाचला तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. सहाव्या महिन्याचे ते वाक्य वाचून पुस्तक मिटले आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. माझी झोप हे कारण नव्हते. तो परिणाम होता. त्याच ग्रंथात गर्भिणीला काठोकाठ भरलेल्या तेलाच्या भांड्याची उपमा दिली आहे: हिंदकळू न देता सांभाळायचे भांडे. ते भांडे थरथरत्या जमिनीवर आठ-दहा तास उभे होते.

कायदा काय म्हणत होता, हे मी नंतर पाहिले. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने बोलताना बाळंतपणाआधीच्या विश्रांतीचाही मुद्दा मांडला होता, आणि तो राष्ट्राच्या हिताचा म्हणून मांडला होता. १९२९ मध्ये कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९६१ चा कायदा आला. त्यात गर्भिणीने मागणी केल्यास तिला कष्टाचे किंवा फार वेळ उभे राहण्याचे काम देऊ नये, असे कलम होते. वाचून आनंद झाला. मग मुदत वाचली. बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीचे सहा आठवडे आणि त्यांच्या आधीचा एक महिना. म्हणजे साधारण तिसाव्या आठवड्यापासून. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा १२ वरून २६ आठवड्यांवर नेली, ही मोठी गोष्ट. पण त्यांतलेही बाळंतपणाआधी जास्तीत जास्त आठ. शिवाय हे सगळे जिचे नाव हजेरीपटावर आहे तिला. एका छपराखाली चार मालकांचे माग दाखवणाऱ्या गावात कांडीवालीचे नाव कुठल्या पटावर असणार?

डोहाळजेवणाचा मुहूर्त आणि कलमाची मुदत शेजारी ठेवून पाहा. दोन्ही पोट दिसू लागल्यावर सुरू होतात. चौथा, पाचवा, सहावा दोन्हींतून वगळले आहेत. रीत आणि कायदा करणारे वेगळे, काळ वेगळा. बाई कधीपासून थकते याविषयीचा समज मात्र एकच. माझ्या माहितीत चौथ्या महिन्यापासून मोजायला सुरुवात करणारी एकच सरकारी गोष्ट आहे, ती म्हणजे आरोग्यसेविका देते ती लोहाची गोळी: चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस. चरकाच्या दुसऱ्या रकान्याची आठवण ठेवणारी ती एवढीच. आमच्या गल्लीत ती गोळी पुष्कळ बायका उशाखाली ठेवून देतात, कारण तिने मळमळते आणि पोट बांधते. आणि मळमळते हे ऐकायला कोणाला वेळ नसतो.

७. शेवटी

सुभद्रेला झोप का लागली, याचे उत्तर अवघड नव्हते. ती गर्भिणी होती म्हणून लागली. हे उत्तर दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रंथात जवळजवळ लिहिलेले होते. तरी आपण दुसरेच उत्तर पाठ केले, गायले, कीर्तनातून सांगितले, आणि आता फोनवर पाठवतो आहोत. टीका करायची ती गोष्टीवर नाही. गोष्ट सुंदर आहे, आणि अजून शंभर वर्षे सांगितली जाईल. टीका आहे ती तिच्या ऐकणाऱ्यांवर, म्हणजे तुमच्या-माझ्यावर.

अभ्यासकांना एक विनंती आहे. डोहाळ्याची गाणी जमवली गेली, ओव्या जमवल्या गेल्या. त्या गाणाऱ्यांच्या पिढीतल्या ज्या बायका आज सत्तरीत आहेत, ज्यांनी कांड्या भरल्या, वीटभट्टीवर विटा वाहिल्या, भातलावणी केली, त्यांना या तीन महिन्यांविषयी सरळ गद्यात विचारायला हवे: तेव्हा काय काम करत होतात, बाळ फिरल्याचे कधी कळले, कुठे टेकत होतात? मी कामतघरात दहा जणींना विचारले. दहाही जणींना टेकायची जागा आठवत होती. कोणाची सुताची पोती, कोणाचा पाण्याचा पिंप, कोणाची खळ्याची भिंत. बाळ कधी फिरले ते चौघींना आठवले नाही.

माझ्या मुलीने गोदामात बसायला स्टूल मागितले. आधी नाही म्हणाले. ती दोनदा गेली, तिसऱ्यांदा आरोग्यसेविकेने भरलेले कार्ड घेऊन गेली, तेव्हा मिळाले. आता तिला सहावा संपत आला आहे. रात्री जेवण झाल्यावर ध्वनिफीत लावते आणि दुसऱ्या श्लोकाला झोपते. मी फोन उचलून बाजूला ठेवते. उठवत नाही.